गोळी घेऊनही आवाज येतात तेव्हा

घरात कोणाला विषमज्वर झाला किंवा कोणाचा पाय मोडला, म्हणजे शेजारपाजार विचारपूस करावयास येतो. कोणी पेज करून आणतो, कोणी रात्री जागावयास राहतो. परंतु त्याच घरातील तरुण मुलाला, जवळ कोणी नसताना, माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले तर घराचे दार लोटून घेतले जाते. बाप चार माणसांत मिसळेनासा होतो, आई चुलीपाशी डोळे पुसते, आणि धाकट्या बहिणीचे लग्न जमणार नाही या धास्तीने दुखण्याचे नावही कोणी काढीत नाही.

यातूनही धीर करून काही घरे डॉक्टरांकडे जातात. औषध सुरू होते. मुलगा झोपू लागतो, जेवू लागतो, त्याची भीती पुष्कळ ओसरते. तथापि वर्ष लोटले तरी एखादा आवाज मागे राहतोच. मग घरात प्रश्न निघतो, "गुणच येत नाही, तर या गोळ्या कशाला?" आज ज्या घरांत हा प्रश्न विचारला जात आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द आहेत.

आमची जुनी इंदूर ही खान व सरस्वती या नद्यांच्या काठची मूळ वस्ती. येथील गल्ल्या अरुंद, घरांच्या भिंती एकमेकींना लागून. अशा वस्तीत रात्री कोणी एकटाच बोलू लागला तर ते लपून राहत नाही. सकाळी नळावर त्याची चर्चा होते. खेड्यात तर सारा गावच एक अंगण. कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, कोणी म्हणतो करणी केली, कोणी म्हणतो सोंग आहे. दुखण्याला दुखणे म्हणणारा मात्र विरळा.

तेव्हा प्रथम हे आवाज म्हणजे काय ते समजून घेऊ. त्यांना श्रवणभास म्हणतात. काहींना आकृती दिसतात, काहींना वास येतात, पण आवाज ऐकू येणे हे अधिक आढळते. ज्या आजाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया आणि मराठी पुस्तके छिन्नमनस्कता म्हणतात, त्यात असे भास पुष्कळदा होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ४० लाख माणसांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे एकाला, हा आजार आहे. तो इतर कोणत्याही आजाराइतकाच खरा आहे. आईबापांच्या वाढवण्यात काही उणे पडले म्हणून तो होत नाही.

आपण सारेच मनातल्या मनात बोलत असतो, आणि हे बोलणे आपलेच आहे हे आपणास कळते. भास होणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही ओळख कोठे तरी चुकते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. आवाज ऐकू येत असताना मेंदूतील बोलण्याशी व ऐकण्याशी संबंधित भाग जागे असतात, हे मेंदूच्या छायाचित्रणाने १९९० नंतर दाखवून दिले. म्हणजे तो मुलगा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच ऐकू येत असते. "अरे, कोणी नाही, उगीच काय?" असे शंभर वेळा सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे होय. त्यातून त्याला एवढेच कळते की, घरातही आपल्यावर कोणाचा विश्वास नाही.

आता औषधाविषयी. १९५२ साली पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिन नावाचे औषध अशा रुग्णांवर प्रथम वापरण्यात आले. तोवर इस्पितळात आयुष्य कंठणारी माणसे त्यामुळे घरी परतू लागली. पुढे आणखी औषधे निघाली. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. बहुतेक औषधे त्याचा परिणाम कमी करतात, आणि त्यामुळे आवाजांचा जोर व त्यांच्यामागची भीती उतरते. परंतु ही औषधे प्रत्येकाचे सर्व आवाज पुसून टाकीत नाहीत. औषध घेऊनही साधारणपणे चारांपैकी एकाला, कधी तिघांपैकी एकाला, आवाज येतच राहतात. हे त्या रुग्णाचे अपयश नव्हे, आईच्या सेवेतील उणीवही नव्हे.

अशा वेळी गोळी बंद करणे हा सर्वांत घातक उपाय होय. आवाज पूर्वी दिवसभर ओरडत होता, आता संध्याकाळी कुजबुजतो. हा फरक गोळीने केलेला असतो. गोळी सुटली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुखणे बहुधा पहिल्या जोमाने उलटते, आणि प्रत्येक उलटण्यानंतर सावरणे अधिक कठीण होत जाते. म्हणून औषध बदलणे वा कमी करणे हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरच्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. गोळी खरोखर पोटात जाते काय? तोंड कोरडे पडते, अंग जड होते, वजन वाढते, म्हणून पुष्कळ रुग्ण ती गुपचूप टाकून देतात. त्यांना रागावू नये. त्रास डॉक्टरांना सांगावा, त्यावर इलाज असतो, आणि काही औषधे महिन्यातून एकदा इंजेक्शननेही देता येतात. दुसरी गोष्ट भांगेची व गांजाची. आमच्या माळव्यात होळीला, शिवरात्रीला भांग घोटली जाते आणि तिच्यात कोणी वावगे मानीत नाही. परंतु या आजाराच्या माणसाला ती विषासमान आहे, कारण भांग व गांजा भास वाढवितात.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सुमारे सहा आठवडे घेऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन नावाचे औषध आहे. जेथे इतर औषधे हरली, तेथे या औषधाने पुष्कळांना उतार पडला, हे १९८८ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. मात्र ते थोड्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी करते. म्हणून आरंभीचे सुमारे १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढेही ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. ताप आला, घसा दुखला, बद्धकोष्ठ झाले, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. बिडी ओढणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, हेही लक्षात असावे. बिडी सुटावी हे चांगलेच. पण डॉक्टरांना सांगून सुटावी.

इतके करूनही आवाज उरला तर काय करावे? येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेदरलँड्समधील मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोम यांच्या एका रुग्ण स्त्रीचे आवाज औषधांनी थांबत नव्हते. १९८७ साली त्या दोघांनी दूरचित्रवाणीवर याविषयी मोकळेपणी सांगितले, तेव्हा आवाज ऐकणाऱ्या शेकडो माणसांनी त्यांच्याशी संपर्क साधला. त्यांतील काही जण आवाज येत असतानाही आपला संसार व कामधंदा नीट सांभाळीत होते. ते हे कसे साधतात, याची विचारपूस तेथून सुरू झाली.

त्यांच्या व इतरांच्या अनुभवातून काही साध्या युक्त्या पुढे आल्या. आवाज सुरू झाला की गुणगुणावे, मोठ्याने वाचावे, कोणाशी तरी बोलावे, कानाला लावून गाणी ऐकावीत. तोंड व कान कामात गुंतले की पुष्कळांचा आवाज मंदावतो. आवाज केव्हा वाढतो याची नोंद ठेवावी. झोप मोडली, भांडण झाले, माणूस एकटा पडला की तो बहुधा वाढतो. काही जण आवाजाला वेळ नेमून देतात, "आता काम आहे, संध्याकाळी पाहू." आवाजाने सांगितलेले सारे खरे नसते, आणि त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही, हे सावकाश उमगते. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून घ्यावयाचे उपचारही याच मार्गाने चालतात. ते औषधाच्या जोडीला घ्यावयाचे असतात.

आवाजांचे रूप माणसाच्या घरादारावरही अवलंबून असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, आफ्रिकेतील आक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रुग्णांना आवाज म्हणजे हिंसक हल्ला वाटे. चेन्नईतील पुष्कळांना मात्र आपल्याच नातेवाईकांचे आवाज ऐकू येत, आणि ते घरातली वडीलधारी माणसे सांगतात तशी कामे सांगत. घरातील बोलणे या माणसाच्या कानात किती खोल जाते, याचा विचार आपण करावा.

लंडन येथे जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, ज्या घरांत रुग्णाला सतत टोचून बोलले जाते, किंवा त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नाही, तेथे दुखणे कितीतरी अधिक वेळा उलटते. पुढे चंडीगड येथे तसाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडील कुटुंबांत टोचून बोलणे लंडनपेक्षा कमी आढळले. ही आपल्या घरांची खरी पुंजी आहे. ती राखावयाची तर आवाज बेताचा ठेवावा, झेपेल ते काम द्यावे, आणि केलेल्या कामाचे कौतुक करावे. त्याने विचारले, "तुला ऐकू येते का?" तर खरे सांगावे, "मला येत नाही. पण तुला येते आणि तुला त्रास होतो, हे मला समजते."

कुटुंबाची ही शक्ती बेल्जियममधील गील या गावाने शतकानुशतके दाखविली आहे. तेथे संत डिम्फना हिची समाधी आहे. ती आयर्लंडची राजकन्या होती आणि बुद्धिभ्रंश झालेल्या बापाच्या हातून तेथे मारली गेली, अशी परंपरा सांगते. तिच्या दर्शनाला मनोरुग्णांना आणले जाई. देवळाजवळ जागा पुरेना, तेव्हा गावच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १९३० नंतरच्या काळात अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक झाली होती. आज ती फार थोडी आहे, परंतु प्रथा चालू आहे, आणि त्या कुटुंबांच्या पाठीशी इस्पितळातील डॉक्टर व परिचारिका उभ्या असतात. घर आणि औषध यांत तेथे भांडण नाही.

"फादर, हा सैतानाचा आवाज तर नव्हे?" असे आमचे लोक विचारतात. ख्रिस्तसभेने यात घाई कधीच मान्य केलेली नाही. १६१४ च्या रोमन विधिग्रंथातच धर्मगुरूंना बजावले आहे की, कोणाला बाधा झाली असे सहजासहजी मानू नये. आजारी माणूस आणि बाधित माणूस यांतील फरक ओळखावा. बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून तो विधी करताच येत नाही. तेव्हा आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करा, त्याला मिस्सेला सोबत न्या. परंतु प्रार्थनेसाठी गोळी सोडा असे जो सांगेल, त्याचे ऐकू नका.

आणि साखळी तर कदापि नको. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. बांधून ठेवलेल्यांना पळता आले नाही. २८ जण प्राणास मुकले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू असून त्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे मना केले आहे. सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्कही त्याने दिला आहे. इंदुरात बाणगंगेस सरकारी मानसिक रुग्णालय आहे. मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत 'मन कक्ष' आहेत. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा विनामूल्य सल्ला देते. आवाज मरावयास किंवा कोणाला मारावयास सांगत असेल तर एक दिवसही थांबू नये. माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व हत्यारे दूर ठेवावीत, आणि तडक रुग्णालय गाठावे.

दार लोटून न घेणाऱ्या एका मराठी माणसाचे नाव येथे घेतले पाहिजे. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपविला नाही. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली. तेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपले अनुभव एकमेकांना सांगतात. २००४ साली आलेला, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपटही वाणी यांच्या पुढाकारानेच निघाला, आणि भावाचे दुखणे सांभाळणाऱ्या बहिणीची कथा त्याने घरोघर नेली. वाणी २०१७ साली वारले.

प्रिय वाचकहो, मधुमेह झालेला माणूस जन्मभर औषध घेतो, शेतावर जातो, मुलांची लग्ने लावतो. त्याचा आजार गेला नाही म्हणून त्याचा संसार कोणी थांबवीत नाही. ज्याला आवाज ऐकू येतात त्यालाही हाच न्याय लावावयास हवा. त्याचे सारे आवाज कदाचित थांबणार नाहीत. गोळी चालू ठेवून, नेमाने डॉक्टरांना भेटून, तो गाईचे दूध काढू शकेल, दुकानावर बसू शकेल, भावाच्या मुलांना शाळेत पोहोचवू शकेल. आपल्या गावात असे एखादे घर असेल तर या रविवारी त्यांच्याकडे जा. दुखण्याची चौकशी करा, आणि त्या मुलाशीही त्याच्या नावाने दोन शब्द बोला.