पसारा सर्वांचा, आवरणारी एकटी आई

घरातला पसारा हा काय वर्तमानपत्रात लिहिण्याचा विषय आहे, असे काही वाचक बंधू विचारतील. शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, गायरानाचा आहे, बेकारीचा आहे. ते सोडून चपला आणि कपबशा कशाला? भगिनी मात्र असे विचारणार नाहीत. त्यांचा हा प्रश्न पहाटे उठल्याबरोबर सुरू होतो आणि रात्री सर्वांच्या शेवटी अंग टाकताना तसाच शिल्लक असतो.

बोदवड तालुक्यात आपली घरे कशी असतात हे सांगायला नको. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, कडेला मोरी. त्याच खोलीत खाट, टीव्ही, पोरांची पुस्तके, आल्यागेल्याचे बसणे आणि पाण्याची टिपाडे. पाण्यासाठी बोदवडकरांनी किती हाल काढले हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. आठ-आठ, दहा-दहा दिवस नळाची वाट पाहत कित्येक उन्हाळे गेले. त्यामुळे टिपाड, गुंड, हंडे, प्लॅस्टिकचे डबे यांची रांग घरात कायमची बसली. कापसाच्या दिवसांत त्यात वेचणीच्या ओट्या आणि पोत्यांची भर पडते. मोठ्या बंगल्यातला पसारा दार लावले की दिसत नाही. आपल्या घरातला पसारा पायात येतो, आणि ज्याच्या पायात येतो तो आईच्या नावाने ओरडतो.

गेल्या वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एक बाई रोज उशिरा यायच्या. वाचन अर्ध्यावर आले की मागे येऊन टेकायच्या, आणि बऱ्याचदा भिंतीला डोके लावून तिथेच त्यांचा डोळा लागायचा. दिवसभर निंदणीला जाणारी बाई. नवरा बाजार समितीत हमाल, मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, मुलगी दहावीला. एके दिवशी कोणीतरी त्यांना सहज म्हटले, “ताई, जरा लवकर येत जा.” त्यावर त्या एकदम बोलल्या.

“भाऊ, मी कामाले भेत नाही. लहानपनापासून कामच करेल हाये. पन घरात मी हाये हे कोनाले दिसत नाही. पसारा दिसला का माझं नाव घेतात. घर पुसेल-आवरेल असलं तर कोनी काही बोलत नाही. परवा मले ताप भरला. पोरगा काय म्हने? म्हने, मंग आज भाकरी कोन टाकील?”

काही पुरुष हसले. बायांपैकी एकही हसली नाही.

आम्ही वाणिज्य शाखा शिकलेली, कारकुनी करणारी माणसे. तोंडी तक्रारीपेक्षा वहीतल्या आकड्यावर आमचा विश्वास जास्त. म्हणून त्यांच्या मुलाला आणि मुलीला आम्ही एक काम सांगितले: आठ दिवस घरात कोण काय काम करतो आणि किती वेळ करतो, ते एका वहीत लिहा. दोघांनी मिळून लिहा, म्हणजे भांडण नको.

वही आली. आई साडेचारला उठते. पाणी तापवणे, झाडलोट, भाकरी, भाजी, तीन डबे, भांडी, टिपाडातले पाणी गाळून भरणे. साडेआठला शेतमालकाच्या गाडीत. साडेपाचला परत. मग पुन्हा चूल, भांडी, धुणे, आणि या सर्वांच्या अधूनमधून उचलाउचल. मैदानावरून आलेल्या मुलाचे घामाचे कपडे खाटेवरून, बूट उंबऱ्यातून, ओला टॉवेल गादीवरून, न विसळलेला डबा पिशवीतून. पाणी प्यायला प्रत्येकाला नवा पेला लागतो, आणि तो जिथे रिकामा होतो तिथेच राहतो. घरकामाची बेरीज झाली साडेसहा तास. शेतातले आठ-नऊ तास वेगळे. वडिलांच्या नावापुढे दोन दिवस ‘दळण आणले’ अशी नोंद होती. मुलाच्या नावापुढे आठ दिवसांत एकूण पाऊण तास. आणि मुलीच्या नावापुढे रोज अडीच तास.

आमचा डोळा या शेवटच्या आकड्यावर अडकला. आईला मदत म्हणून घरात जे काही होत होते ते दहावीतली पोरगी करत होती. रोज अडीच तास, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर. याच मुलीला गणिताच्या शिकवणीला पाठवण्यासाठी आईने निंदणीच्या पैशातून फी भरली होती. फी आईने भरायची आणि अभ्यासाचा वेळ भावाच्या बुटांनी खायचा, असा हा व्यवहार. तिथे पसाऱ्याचा प्रश्न हा शिक्षणाचा प्रश्न झाला. मुलींच्या शिक्षणावर भाषणे देणाऱ्या समाजाने त्याला क्षुल्लक म्हणून चालणार नाही.

हे एका घराचे नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात असे निघाले, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. पण त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीस. बाकीच्यांचा हिशेब शून्य. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटे दहाने कमी होऊन २८९ झाली. पुरुषाचीही नऊने कमी होऊन ८८ झाली! बाईचे ओझे थोडे हलके झाले तोच पुरुषानेही हात आखडता घेतला, असा आम्ही याचा अर्थ लावतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगाराच्या कामाचे तास कमी झाले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली. भुसावळच्या रेल्वेत आणि वरणगावच्या कारखान्यात काम केलेल्या आपल्या बापजाद्यांना या आठ तासांची किंमत कळली होती. पण भोंगा वाजल्यावर घरी आलेल्या त्या कामगाराच्या हातात पाण्याचा तांब्या देणाऱ्या बाईचा भोंगा कधी वाजतो?

पैशाचे म्हणाल तर न्यायालयानेसुद्धा यावर विचार केला आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले मृत्यू पावली. भरपाईच्या वेळी प्रश्न आला की, पगार नसलेल्या गृहिणीची किंमत काय धरायची? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल, अगदी कमीत कमी धरले तरी, महिना तीन हजार रुपये ठरवले. म्हणजे दिवसाला जवळजवळ शंभर. पुढे २०१० सालच्या एका निकालात न्यायालयाने जनगणनेतल्या नोंदीवरही बोट ठेवले. गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणारे’ म्हणून बसवले होते. मात्र ही किंमत बाई मेल्यावर विमा कंपनीकडून मागायची आहे. जिवंतपणी तिने काय मागायचे, ते या दोन निकालांत नाही.

आम्हांला यात दुसरी एक गोष्ट जास्त बोचते. गावगाड्यात घाणीचे काम कोणी करायचे हे जन्मावरून ठरत होते. मेलेले ढोर ओढायचे ते आपल्याच आजोबांनी. केले तर कोणी आभार मानत नव्हते; नाही केले तर मात्र सारे गाव अंगावर येत होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते सोडायला सांगितले, आणि १९५८ च्या कायद्याने वतनेही गेली. आता आपल्या घरात पाहा. उष्टे कोणी काढायचे, मोरी कोणी घासायची, हे कशावरून ठरते? शिक्षणावरून नाही, ताकदीवरून नाही, कोणाला किती वेळ आहे यावरूनही नाही. बाईच्या जन्माला आली म्हणून तिने करायचे. केले तर कोणी बोलत नाही, राहिले तर सगळे बोलतात. गावाचे वतन आपण सोडले. घरात आईच्या नावावर ते चालूच आहे.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: रमाईने किती सोसले! सात फेब्रुवारीला व्यासपीठावरून आपण हेच सांगतो, आणि घरी गेल्यावर बायकोकडून त्याच त्यागाची अपेक्षा धरतो. पण स्वतः बाबासाहेबांनी काय केले ते सांगायचे राहून जाते. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी छापून लिहिले की, आपण परदेशात असताना संसाराची काळजी हिने वाहिली, परत आल्यावर विपन्नावस्थेत शेणीचे भारे डोक्यावर घेतले, आणि अशा स्त्रीला चोवीस तासांतला अर्धा तासही आपण देऊ शकलो नाही. आपल्या पत्रातून, साऱ्या समाजासमोर. पुढे एक ग्रंथही रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. एवढ्या कामाच्या माणसाला बायकोचे श्रम दिसत होते आणि ते बोलून दाखवण्यात कमीपणा वाटत नव्हता. आपण दिवसभरात कोणते राज्य चालवतो म्हणून आपल्याला ते दिसू नयेत?

हमाल नवऱ्याचा थकवा खोटा नाही, हेही लिहिले पाहिजे. दिवसभर पोती वाहून पाठ मोडते. पण त्याचा थकवा घरात मान्य आहे. तो आला की पोरे आवाज कमी करतात. आईच्या थकव्याला तेवढेही मिळत नाही. आणि आयांनाही एक सांगणे आहे. मुलाने झाडू हातात घेतला की “ठेव रे, लोक काय म्हणतील” असे म्हणून तो काढून घेणारी बहुधा आईच असते. मग वीस वर्षांनी सून हीच वही लिहायला बसते.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरी वस्त्रे घालून, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नवरदेव ज्या प्रतिज्ञा घेतो, त्या सिगालोवाद सुत्तातल्या आहेत. पत्नीचा सन्मान करणे ही पहिली, तिचा अवमान न करणे ही दुसरी. घरातला अधिकार तिच्याकडे सोपवणे हेही त्यात आहे. त्याच सुत्तात मुलांची कर्तव्ये आहेत: ज्यांनी पोसले त्यांना पोसणे, आणि लगेच दुसरे, त्यांची कामे करणे. आपली पोरे पहिले कर्तव्य नोकरी लागल्यावर करू म्हणतात. दुसऱ्याला नोकरीची गरज नाही. घाणीला हात लावणे कमीपणाचे मानणाऱ्यांनी विनयपिटकातला तो प्रसंग आठवावा: अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला खुद्द भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन आपल्या हातांनी धुतले.

वहीच्या घरात पुढे काय झाले, ते वाचकांना हवे असेल. चमत्कार झाला नाही. बेरीज वडिलांनी वाचून घेतली आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टिपाडे भरण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आपले कपडे, आपला डबा, आपला पेला ज्याचा त्याने पाहायचा, एवढा एकच नियम ठरला. मुलाने पहिल्या आठवड्यात तो तीनदा मोडला. त्याचे बूट आईने उचलले नाहीत, मुलीलाही उचलू दिले नाहीत. चार दिवस ते पावसात दारात भिजले. मग आत यायला लागले. मुलीचे अडीच तास एका तासावर आले. आई अजून साडेचारलाच उठते, कारण भाकरी दुसऱ्या कोणाला येत नाही. मुलगा शिकतो आहे. त्याच्या भाकरीचा आकार पाहून घरात हसतात, पण खातात.

या निमित्ताने आमच्या भागातली एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९९० च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शेतकरी संघटनेच्या मोहिमेत शंभरावर नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर केला. तिने जन्मभर फुकट राबून जे दिले त्याचे हे देणे, असा विचार त्यामागे होता. मोहिमेचे ‘लक्ष्मीमुक्ती’ हे नाव आम्हांला रुचणारे नाही. काम मात्र रुचते. आपल्यापैकी बहुतेकांना शेती नाही. पण घर आहे, निदान घरकुल आहे. ज्या घराला ती रोज दोनदा झाडते त्याच्या उताऱ्यावर तिचे नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत जाऊन पाहायला अर्धा दिवस पुरतो. नसेल तर अर्ज कसा करायचा ते विहारात रविवारी सांगितले जाते. अर्ज लिहूनही दिला जातो.

महिला मंडळाने यंदाच्या बुद्धपौर्णिमेला एक ठराव केला होता. खीर बायका करतील, भांडी तरुण मंडळी घासतील. तरुणांनी घासली, फोटोही काढले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर मोठ्या पातेल्याच्या बुडाला करपलेली खीर तशीच होती. बायकांनी ते पातेले घासले नाही. ते विहाराच्या ओट्यावर उपडे ठेवले आणि मुलांना निरोप पाठवला. दुपारी चौघे जण राख आणि काथ्या घेऊन आले.