आजीचा गुडघा

मराठीच्या मास्तराने संगणकात माणसे घडवावीत, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये प्रथम हशाच पिकला. पण वाचकहो, छंद काही विषय पाहून जडत नाही. कुणी तिकिटे जमवतो, कुणी गुलाब लावतो. मी गेली चार वर्षे रात्रीची जेवणे उरकली की पडद्यावर बाहुल्या उठवतो-बसवतो.

या खेळाचे कूळ मोठे आहे. चित्रकाराच्या टेबलावर सांध्यांत वळणारा लाकडी बाहुला तुम्ही पाहिला असेल. त्याच्या जागी संगणकातला बाहुला असावा, म्हणून लॅरी वाइनबर्ग या अमेरिकन गृहस्थांनी 'पोझर' हा प्रोग्रॅम रचला आणि तो १९९५ साली बाजारात आला. पुढे 'डॅझ स्टुडिओ' निघाला. मी वापरतो तो हाच.

हे बाहुले घडतात बहुभुजांचे. हा शब्द ऐकून अष्टभुजा देवी आठवू नका. इथे भुजा म्हणजे बाजू. त्रिकोण-चौकोनांचे बारीक जाळे विणायचे आणि त्यालाच कातडी म्हणायचे. १९७२ साली युटा विद्यापीठात एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने आपल्या डाव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा करून त्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण-बहुभुज आखले, त्यांची मोजमापे संगणकाला भरवली आणि तो हात पडद्यावर हलवून दाखवला. त्यानेच जिम क्लार्कबरोबर १९७८ साली एक युक्ती मांडली : जाळ्याच्या प्रत्येक चौकोनाचे चार करावेत आणि कोपरे मऊ करीत जावे. म्हणजे २०,००० चौकोनांचा बाहुला एका पायरीत ८०,००० चा होतो, दुसरीत ३,२०,००० चा! 'पिक्सार'च्या 'गेरीज गेम' या १९९७ च्या लघुपटातला, एकट्यानेच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा याच जातीच्या युक्तीतून जन्मला. कसबी कलावंतांचे ते अवजार आज माझ्यासारख्या हौशाच्या हाती एका कळीवर आले आहे. आणि अवजार हाती आले की हाव सुटते.

माझ्या आजोळच्या आजीचा एकच फोटो घरात आहे. स्टुडिओत, खुर्चीला हात लावून, ताठ उभी. आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. फोटो पाहिला की ती म्हणते, "ही माझी आई नव्हेच. ती अशी उभी कधी राहिली?" आईला आठवते ती दिवाळीच्या तोंडावर पाटावर बसलेली, एक पाय उभा, लुगडे गुडघ्यावर सारलेले, आणि पोटरीवर कापसाच्या वाती वळणारी. ती आजी आईला दाखवायची, असे मी यंदा मनाशी ठरवले.

बाहुली अमेरिकेची. खुर्चीवर ऐटीत बसली. पाट दिला मात्र, बिचारी गडबडली. मांडी पोटरीत घुसली, गुडघ्याची वाटी सपाट झाली. मला वाटले, चौकोन कमी पडले. मी पायऱ्या वाढवीत गेलो. संगणकाचा पंखा घरघरू लागला, चित्र उमटायला पहाट झाली. आणि दिसले काय? मोडका गुडघा आता अतिशय गुळगुळीत मोडला होता!

अॅनिमेशनच्या धंद्यातला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला, त्याला ही व्यथा सांगितली. तो हसून म्हणाला, "सर, विशेषणं वाढवून वाक्य उभं राहत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?" मग त्याने समजावले. कातडीच्या आत हाडे असतात. जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूने मांडीचे किती ऐकायचे आणि नडगीचे किती, हे वजन ठरवून द्यावे लागते. शिवाय गुडघा पुरता मिटला की हाताने कोरलेला वेगळा आकार हळूहळू वर यावा, अशी योजना करता येते. दोन्ही सोयी माझ्याच प्रोग्रॅममध्ये होत्या. मी चौकोन मोजण्यात दंग!

पायऱ्या उतरवल्या आणि पंधरा रात्री गुडघ्याला दिल्या. नमुना म्हणून सौभाग्यवतींना पाटावर बसवले. त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं सांगते आहे, बघायला आज सवड झाली होय!" लुगडे नेसवण्यात किती रात्री गेल्या, तो वेगळाच अध्याय आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी आईला पडद्यासमोर बसवले. तिने सुरकुत्या पाहिल्या नाहीत, केस पाहिले नाहीत. बराच वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, पाय चुकला. डावा पाय तिला असा उभा करता येत नसे. विहिरीवर पडली होती ना!"

विहिरीची गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. डाव्या-उजव्याची अदलाबदल करणारी सोय प्रोग्रॅममध्ये आहे. क्षणात उजवा पाय उभा झाला. आईने खुर्ची पुढे ओढली आणि सांगू लागली. जेवणे थांबली, मुले येऊन भोवती बसली. संगणक मी बंद केला नाही. आजी तिथे वाती वळत बसली होती.