निखाऱ्यावरची तंगडी

थंडी पडली की डोंबिवली-कल्याणच्या गच्च्यांवर शेगड्या पेटतात. तंगडी जाळीवर ठेवताच चर्र आवाज येतो, तो वरचं पाणी उडून जाताना. ओला पृष्ठभाग 100 अंश सेल्सिअसच्या फारसा पुढे जात नाही, म्हणून मसाला लावण्याआधी तुकडे फडक्याने कोरडे टिपून घ्या. कोरडी कातडी 140 अंशांच्या आसपास पोचली की प्रथिनं आणि साखरेची अभिक्रिया वेग घेते आणि खमंग तपकिरी थर धरतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली तिचं वर्णन केलं. हा थर आतला रस कोंडून ठेवतो, हा समज मात्र चुकीचा आहे.

रायगडच्या पोपटीत उलट घडतं. भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद केलेल्या मडक्यात वाफ कोंडते. कोंबडी मऊ होते, पण तपकिरी फारशी नाही.

आणि धूर? लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायकॉलसारखी सुगंधी रसायनं सुटतात. कोळशात ती बहुतेक संपलेली असतात. शेगडीचा वास मुख्यतः टपकणाऱ्या चरबीचा. धुंगारात निखाऱ्यावर सोडलेल्या तुपाचंही तेच. ज्वाळा उठल्या तर तुकडा लगेच बाजूला सरकवा, त्या काजळीत कर्करोगकारक संयुगं असतात. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत शेगडी अजिबात नको: कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.