चित्राखाली कोणाचं नाव?

 

आपल्या भागातल्या बऱ्याच गटांत आता चित्रं काढणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, बांबूकाम करणाऱ्या बाया आहेत. त्या मला विचारतात, "ताई, मुंबईच्या गॅलरीत आमचं काम लागेल का? तिथं आपण पैसे भरायचे, की ते आपल्याला देतात? आणि स्टॉल लावला तर परवडेल का?" आज याच प्रश्नांवर बोलू. त्यासाठी मुंबईतल्या एका जागेची आणि वारली चित्रकलेची माहिती घेऊ. कारण तुमचं काम गोधडीचं असो की टोपल्यांचं, वारली चित्रांच्या बाबतीत जे घडलं ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

काळा घोडा म्हणजे काय?

चर्चगेट स्टेशनवरून चालत जाता येईल अशा अंतरावर काळा घोडा नावाचा भाग आहे. तिथे पूर्वी घोड्यावर बसलेल्या इंग्रज राजपुत्राचा काळा पुतळा होता. तो १९६५ मध्ये हलवला आणि राणीच्या बागेत ठेवला, पण जागेचं नाव तसंच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर मात्र कोणी राजा नाही.

या छोट्याशा भागात कलेच्या बऱ्याच जागा जवळजवळ आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. समोर सरकारचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते १९९६ पासून. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत खासगी गॅलऱ्या आहेत. जहांगीरच्या बाहेर फूटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. आणि १९९९ पासून इथे दरवर्षी थंडीच्या शेवटी, साधारण फेब्रुवारीच्या सुमाराला, काळा घोडा कला महोत्सव भरतो. नऊ दिवस चालतो. रस्ता गाड्यांना बंद करतात, नाच, गाणी, नाटक, चित्रं, मुलांचे कार्यक्रम होतात, कारागिरांचे स्टॉल लागतात. तिकीट नसतं, त्यामुळे गर्दी आपल्या यात्रेसारखी असते.

म्हणजे एकाच भागात कलाकाराला तीन दारं आहेत: गॅलरी, महोत्सवातला स्टॉल आणि फूटपाथ. प्रत्येक दाराचा हिशोब वेगळा आहे.

गंजाडचा कलाकार आणि मुंबईची गॅलरी

डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७५ मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झालं. केकू आणि खोर्शेद गांधी या जोडप्याची ही गॅलरी त्या वेळी जहांगीरच्याच इमारतीत होती. मुळात त्यांचा धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. त्यातून चित्रकारांची ओळख झाली आणि पुढे गॅलरी उभी राहिली.

गंजाडचं चित्र मुंबईच्या भिंतीवर लागलं आणि पुढची दारं उघडली. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जगभरातल्या कलाकारांबरोबर त्यांचं काम होतं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले, पण त्यांचं नाव वारली चित्रकलेशी कायमचं जोडलं गेलं. त्यांचा मान मोठा आहे आणि तो त्यांनी हातातल्या कसबावर मिळवला.

पण मैत्रिणींनो, त्याआधी ही चित्रं कोण काढत होतं?

बाया काढत होत्या. वारली घरात लग्न असलं की शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी चौक लिहायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा. चौकात पालघट देवी. लग्नाचे विधी चालवणारी धवलेरी, तीसुद्धा बाईच. चौकाशिवाय लग्न लागायचं नाही, इतकं ते काम महत्त्वाचं होतं. पण भिंतीवरच्या चित्राला सही नसते. लग्न झालं, पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली की चित्रही गेलं. कोणत्या मावशीने काढलं होतं ते पाड्यावरच्या माणसांना ठाऊक, पण लिहिलेलं कुठेच नाही.

सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामासाठी डहाणूकडे आले. त्यांच्यामुळे कागद आणि रंग पाड्यांवर पोहोचले. चित्र कागदावर आलं, विकता येऊ लागलं, त्याखाली नाव पडू लागलं. आणि ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं होतं. विक्रीसाठीचं वारली चित्र बरीच वर्षं पुरुषांचंच काम राहिलं. आता मुली आणि सुना पुन्हा पुढे येत आहेत, हे चांगलं आहे.

असंच सगळीकडे घडलं असंही नाही. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारच्या मधुबनी भागात गेले होते. १९६६-६७ च्या दुष्काळात तिथल्या बायांना चार पैसे मिळावेत म्हणून भिंतीवरची चित्रं कागदावर काढून घेण्याचं काम सुरू झालं होतं. तिथे कागद बायांच्या हातात गेला. मग काय झालं पाहा. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री, सीता देवी यांना १९८१ मध्ये, गंगा देवी यांना १९८४ मध्ये. भिंतीवरची बायांची कला दोन्हीकडे होती. एका ठिकाणी बायांची नावं जगाला कळली, दुसऱ्या ठिकाणी कळली नाहीत. फरक पडला तो कागद कोणाच्या हातात गेला आणि नाव कोणाचं लिहिलं गेलं, यामुळे.

म्हणून आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. चित्र एकदाच विकलं जातं, नाव मात्र पुढची चित्रंही विकून देतं.

गॅलरीचा हिशोब, स्टॉलचा हिशोब

आता पैशांकडे वळू. गॅलरी दोन प्रकारची असते. एक भाड्याची. कलाकार अर्ज करतो, निवड झाली की ठराविक दिवसांसाठी भाडं भरून दालन घेतो, चित्रं लावतो, स्वतः विकतो. जहांगीरमध्ये दालनासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, एवढी रांग असते. दुसरी गॅलरी खासगी. ती कलाकार निवडते, प्रदर्शन भरवते, ग्राहक आणते आणि विक्रीतून आपलं कमिशन कापते. हे कमिशन साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असू शकतं. ऐकून धक्का बसतो, पण जागा, दिवे, निमंत्रणं, ओळखीचे ग्राहक हे सगळं त्यात असतं. ते जास्त की कमी, हे पूर्ण हिशोब मांडल्यावरच कळतं.

चला, मांडूया. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.

समजा दोन जणींनी महोत्सवात नऊ दिवस स्टॉल लावला. ६०० रुपयांची ४० चित्रं विकली. हातात आले २४,००० रुपये. स्टॉलचं भाडं ८,०००, जाणं-येणं आणि राहणं-खाणं ६,०००, कागद-रंग-चौकटी ४,०००. खर्च १८,०००. उरले ६,०००. आता दिवस मोजा. एका चित्राला एक दिवस धरला तर ४० दिवस चित्रं काढण्यात गेले. दोघी नऊ दिवस स्टॉलवर बसल्या, ते १८ दिवस. एकूण ५८ दिवस. ६,००० भागिले ५८, म्हणजे रोज साधारण १०३ रुपये. गल्ला भरलेला दिसला, पण मजुरी सुटली नाही.

आता समजा एकीने आठ दिवस खपून एक मोठं चित्र काढलं आणि गॅलरीत ते ६,००० रुपयांना गेलं. ४० टक्के कमिशन म्हणजे २,४०० गेले, ३,६०० राहिले. चौकट आणि सामानाचे ६०० वजा केले की ३,०००. आठ दिवसांनी भागले तर रोज ३७५ रुपये. पण हे चित्र कदाचित सहा महिन्यांनी विकलं जाईल, कदाचित परतही येईल. घरात दुखणं आलं तर भिंतीवर टांगलेलं चित्र काय कामाचं?

म्हणून दोन्ही दारं वापरायची, पण वेगवेगळ्या मालासाठी. स्टॉलवर लहान, झटपट होणाऱ्या वस्तू ठेवा: शुभेच्छापत्रं, खुणेच्या पट्ट्या, ट्रे, छोटी चित्रं. स्टॉलचं भाडं तीन-चार गटांनी वाटून घ्या. विक्रीला चारऐवजी दोघीच गेल्या तर राहण्याचा खर्च अर्धा होतो. गॅलरीसाठी वर्षातून मोजकी, मन लावून केलेली मोठी कामं ठेवा. आणि त्याच आकाराचं, तशाच कामाचं चित्र स्टॉलवर ६०० आणि गॅलरीत ६,००० असं करू नका. गिऱ्हाईकाला कळलं की दोन्हीकडचा विश्वास जातो.

काळा घोडा हे एकच ठिकाण नाही, हेही लक्षात ठेवा. बचत गटांसाठी महालक्ष्मी सरस आहे, आदिवासी कारागिरांसाठी ट्रायफेडचा आदि महोत्सव आहे. केंद्राच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र, म्हणजे 'पहचान' कार्ड, काढून घ्या. ते प्रत्येक बाईच्या स्वतःच्या नावाने काढा, घरातल्या पुरुषाच्या नावाने नको.

कागदावर काय हवं?

आमच्या ओळखीच्या एका गटाने शोभेच्या वस्तूंच्या एका दुकानात बारा चित्रं विकायला ठेवली. पावती घेतली नाही. तीन महिन्यांनी दुकानदार म्हणाला, आठच होती. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? म्हणून कोणाकडेही काम ठेवताना चार ओळी लिहून घ्या. किती नग, प्रत्येकाची किंमत किती, कमिशन किती टक्के, आणि विकलं नाही तर किती दिवसांत परत. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. मोबाइलवर प्रत्येक चित्राचा फोटो काढून ठेवा.

दुसरं, चित्राशेजारची चिठ्ठी. गॅलरीत प्रत्येक चित्राजवळ छोटी पट्टी असते. त्यावर कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, कशावर आणि कशाने काढलं, आकार आणि वर्ष लिहिलेलं असतं. आपल्या प्रत्येक कामाच्या मागे हेच लिहा. तिथे फक्त 'महिला बचत गट' लिहून थांबू नका. गटाचं नाव लिहाच, पण ज्या बाईने काढलं तिचं नाव आणि गाव आधी लिहा. दोघींनी काढलं तर दोघींचं. सुनेने काढलं तर सासूबाईंचं नाव नको आणि सासूबाईंनी काढलं तर सुनेचं नको.

तिसरं, कायदा. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. तुम्ही स्वतः रचलेल्या चित्राच्या पहिल्या मालक तुम्ही, हा त्याचा साधा नियम. चित्र विकलं म्हणजे ते कपावर, चादरीवर छापायचा हक्क विकला असं होत नाही. तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. त्यात किती वर्षांसाठी, कोणत्या वस्तूंसाठी आणि किती पैशात, हे स्पष्ट लिहून घ्या. मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि छापायचा हक्क विकला तरी 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो.

चौथं, भौगोलिक मानांकन. वारली चित्रांना ते २०१४ मध्ये मिळालं. त्यामुळे 'वारली चित्र' या नावाला संरक्षण आहे. पण त्याचा लाभ आपोआप घरी येत नाही. त्या भागातल्या कलाकाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. पालघर भागातल्या मैत्रिणींनी ही नोंदणी जरूर करून घ्यावी.

मैत्रिणींनो, नोंद ठेवणं आपल्याला काही नवीन नाही. बैठकीला उशीर झाला म्हणून पाच रुपये दंड घेतला तर तोही आपण वहीत लिहितो. मग आठ दिवस पाठ मोडून काढलेल्या चित्राची नोंद का नको? पुढच्या बैठकीत एक नवी वही घाला. त्यात प्रत्येक कामाचा क्रमांक, करणारीचं नाव, तारीख, लागलेले दिवस, सामानाचा खर्च, कुठे दिलं आणि किती मिळाले, हे लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, आणि सही किंवा अंगठा मात्र स्वतःचा करा.

वही घातली की आम्हाला कळवा. तुमच्या हिशोबातले प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. तोवर नमस्कार!