कतारच्या उत्तर टोकाला नवी गाडी वापरताना

मदिनत अश शमालमधल्या मराठी मंडळींसाठी! गाडी घेऊन वर्षही झालं नाही आणि काहीतरी खटकतंय? थांबा, बहुतेकदा तो बिघाड नसतो.

दमट रात्री समोरची काच धुरकटते आणि आतून कितीही पुसली तरी फरक पडत नाही, कारण दव बाहेरून धरलेलं असतं. एसीने काच गार होते, समुद्रावरून आलेल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते. वायपर फिरवा, एसीचा झोत काचेवरून वळवा, तापमान थोडं वाढवा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय उन्हाळ्यात चालत नाही, अशी तक्रार नेहमी येते. एसीला सतत ताकद लागते, म्हणून गाडीच इंजिन चालू ठेवते.

टायरकडे मात्र मनापासून लक्ष द्या. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढलं की हवेचा दाब साधारण 1.5 ते 2 पीएसआयने वाढतो. दोह्याहून शंभरेक किलोमीटर येऊन तापलेल्या टायरमधली हवा काढू नका. गार झाल्यावर दाब कमी भरेल. सकाळी, गाडी गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा.

धूळ उडवणारा शमाल वारा सुटला की पार्किंग सेन्सरवर धूळ बसून ते उगाच वाजतात. ओल्या मऊ फडक्याने पुसा. गाडीवरची धूळ कोरडी पुसणं तर टाळाच, वाळूचे चरे कायमचे राहतात. आधी भरपूर पाणी, मग कापड. खालची बाजूही धुवा, खारी हवा तिथेच गंज धरवते.