कुलपालाच बांधलेली किल्ली

हुपरीच्या श्रोत्यांपुढे कुलूप-किल्लीचा दाखला देताना आम्ही थोडे बिचकतोच. पैंजणाचा फासा नीट बसला की नाही, हे येथील पोरसवदा कारागीरही आमच्यापेक्षा चांगले जाणतो. तरी त्यावाचून गत्यंतर नाही.

पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांची कुलपे असतात. त्यांस ग्राही म्हणतात. बहुतेक ग्राही बाहेरून येणाऱ्या रेणूची वाट पाहतात. तो येतो, बसतो, काम उरकून निघून जातो. काही थोड्यांची तऱ्हा मात्र निराळी. चांदीचा पत्रा कापताना बोट कापले की जखमेत थ्रॉम्बिन नावाचे एंझाइम तयार होते. ते रक्त गोठविते, हे ज्ञान जुनेच. पण रक्तबिंबिकांना ते जागे कसे करते, हे कळावयास १९९१ साल उजाडावे लागले. सॅन फ्रान्सिस्को येथे शॉन कॉग्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, थ्रॉम्बिन ही किल्ली नव्हेच, ती कातर आहे! ग्राहीच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटीचा शेंडा ते ४१व्या व ४२व्या ॲमिनो आम्लांच्या मधोमध तोडते. उरलेले नवे टोक वळून त्याच ग्राहीच्या खाचेत जाऊन बसते. किल्ली कुलपालाच बांधलेली होती. वर वेष्टण तेवढे होते. तोडलेले पुन्हा सांधता येत नाही, म्हणून असा ग्राही एकदाच कामाचा.

माणसात असे चार ग्राही आहेत. दुसऱ्या व चौथ्याची ओळख रानात हिंडलेल्यांस लहानपणीच झालेली असते, ती खाजकुयलीच्या शेंगेमुळे. तिची लव टोचते म्हणून खाज सुटते, असे आम्हीही समजत होतो. पण तापवून निकामी केलेली लव टोचली, तर खाज सुटत नाही. लवेतील प्रथिन तोडणारे एंझाइमच हे दोन ग्राही उघडते, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. ही खाज हिस्टामीनची नव्हे. म्हणून पित्ताच्या गांधीवर चालणारी गोळी येथे फारशी चालत नाही.

इसबाच्या रोग्यांचेही काहीसे असेच. त्यांच्या त्वचेतील मज्जातंतूंवर दुसऱ्या प्रकारचा ग्राही अधिक आढळतो, असे २००३ मध्ये दिसून आले. गोळी घेऊनही रात्रभर खाजविणाऱ्या माणसास घरचे लोक 'मनाचे खेळ' म्हणून गप्प करतात, तेव्हा आम्हांस त्या माणसाचीच बाजू खरी वाटते.