धापेच्या रुग्णांसाठी मोबाईलची शाळा

‘सीओपीडी’ हे नाव अवघड वाटले तरी आजार आपल्या ओळखीचा आहे. वर्षानुवर्षे न हटणारा खोकला, रोज सकाळी पडणारा बेडका आणि पुढे पुढे चार पावले चालले तरी लागणारी धाप, ही त्याची लक्षणे. घरात याला ‘दमाच’ म्हणतात. परंतु दम्याचा जोर कमी-जास्त होतो. मधल्या काळात रुग्णाला पूर्ण मोकळे वाटू शकते. सीओपीडीमध्ये श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व फुप्फुसातील वायुकोश नष्ट होतात. झालेले नुकसान भरून येत नाही, पुढचे मात्र बऱ्याच अंशी टाळता येते.

विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण आहेच. पण आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या आजीबाईंनाही हा आजार होतो, तो चुलीच्या धुराने. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याकडे जगाचे लक्ष वेधले. तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे सुमारे ३०० कोटी, असे त्यांनी दाखवून दिले.

शिकण्याची गरज का?

या आजाराचा निम्मा उपचार रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतो. पंप कसा ओढावा, श्वास कसा सोडावा, व्यायाम किती करावा, हे शिकावे लागते. परदेशात यासाठी सहा ते आठ आठवड्यांचे वर्ग असतात. आपल्याकडे राजूर-भंडारदऱ्याच्या रुग्णाने त्यासाठी नगरला यायचे म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास, तोही आठवड्यातून दोन-तीनदा! पाथर्डी-जामखेडकडचे ऊसतोड मजूर तर निम्मे वर्ष गावाबाहेर असतात. अशांना मोबाईलवरचे शिक्षण उपयोगी पडते. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२१ साली १५ अभ्यासांचा, सुमारे १,९०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. फोन किंवा व्हिडिओद्वारे घरी व्यायाम शिकलेल्यांना केंद्रात जाऊन शिकलेल्यांइतकाच फायदा झाल्याचे त्यात दिसले. मात्र तेथे रुग्णांवर लक्ष ठेवणारा जाणकार माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला होता, हे विसरू नये.

काय शिकावे?

१) औषध ओढण्याची पद्धत. दाबायच्या पंपात श्वास सावकाश व खोल घ्यायचा असतो. कॅप्सूलच्या पुडीचे औषध जोरात ओढायचे असते. दोन्हींत आधी श्वास पूर्ण सोडावा व औषध ओढल्यावर साधारण दहा सेकंद रोखावा. कॅप्सूल गिळायची नाही, यंत्रातच घालायची. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी.

२) ओठ आवळून श्वास सोडणे. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा चार अंक मोजत हळूहळू सोडावा. जिना चढताना, कपडे धुताना याने धाप आवरते.

३) रोजचे चालणे. धाप लागते म्हणून बसून राहिल्यास पायांचे स्नायू दुबळे होतात आणि धाप आणखी लवकर लागते. चालता चालता एखादे वाक्य बोलता येईल इतपत वेग ठेवावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

कशावर विश्वास ठेवू नये?

मोबाईलवर चांगले येते तसे वाईटही येते. ‘पंपाची सवय लागते, तो बंद करा’ हा संदेश तर फारच घातक आहे. साल्ब्युटामॉलची गोळी साधारण ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे गोळीच्या चाळिसावा हिस्सा. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने इतके थोडे पुरते. असा संदेश वाचून पंप एकाएकी सोडणारा रुग्ण पुढे ऑक्सिजन लावायची वेळ येऊन दवाखान्यात येतो. जो व्हिडिओ चालू औषध बंद करायला सांगतो, आजार मुळापासून बरा करण्याची हमी देतो किंवा शेवटी काही विकतो, तो पाहू नये.

तसेच बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा धाप नेहमीपेक्षा वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळे पडणे, गुंगी येणे, वाक्य पूर्ण बोलता न येणे अशा वेळी मोबाईल फक्त १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी हाती घ्यावा.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचे काय?

आजार आजीला आणि मोबाईल नातवाच्या हाती, अशी बहुतेक घरांची स्थिती आहे. नातवाने दिवसातून दहा मिनिटे आजीजवळ बसून तिचे शिक्षक व्हावे. मोबाईल नसेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात जावे. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत तेथील आरोग्य अधिकारी पडद्यावर डॉक्टरांशी गाठ घालून देतात. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

एवढे शिकल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना आपला पंप बरोबर न्यावा आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. आपली पद्धत बरोबर आहे की नाही, हे व्हिडिओ पाहून कळत नाही. ते दुसऱ्याने पाहूनच सांगावे लागते.